अक्षर का बिघडले?



बऱ्याच महिन्यांनी लिहितो आहे. काहींनी फोन करून विचारले, "सर, रुसलात की काय?" रुसलो नव्हतो. गेल्या वर्षी श्रावणात मोहोळच्या आमच्या घरी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि उजव्या दंडाचे हाड मोडले. वय सत्तरीच्या पुढे, त्यामुळे हाड मोडले याचे कुणाला आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य निराळ्याच गोष्टीचे वाटले. हाड दंडातले मोडले, पण हात मनगटातून लोंबकळू लागला. पंजा वर उचलावा म्हटले तर उचलेना. मेलेल्या कोंबडीची मान पडते तसा पडायचा. (सौ.ला ही उपमा आवडलेली नाही, पण दुसरी सुचत नाही.)

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले, "हाडासोबत नसेलाही मार बसला आहे. नस तुटलेली दिसत नाही. वाट पाहू."

आता 'नस' म्हणजे नक्की काय? आयुष्यभर मराठी शिकवले, पण या शब्दाकडे कधी नीट पाहिले नव्हते. आपण रक्त वाहते तिला नस म्हणतो, पायात गोळा आला तर 'नस चढली' म्हणतो, मानेत आखडले तरी 'नस धरली' म्हणतो. शीर आणि नस तर सर्रास एकच. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'चेतातंतू' असायचे, त्याआधी 'मज्जातंतू'. डॉक्टर ज्या नसेबद्दल बोलत होते ती ही, चेता वाहून नेणारी. ती दंडाच्या हाडाला वळसा घालून खाली उतरते, म्हणून ते हाड मोडले की तिच्यावर संकट येते. मेंदूचा निरोप तिच्यातून जातो आणि मनगट वर उचलले जाते. निरोप पोचला नाही की मनगट पडते. स्नायू धडधाकट, पण तार तुटलेली.

या दुखण्यात मला सगळ्यात जास्त कशाचे वाईट वाटले असेल, तर अक्षराचे. माझे अक्षर बरे आहे असे लोक म्हणत. शाळेचे फळे, निरोपसमारंभाची मानपत्रे, गावातल्या लग्नपत्रिकांचे मजकूर माझ्याकडे यायचे. मनगट पडल्यावर पेन धरता येईना. आधाराची पट्टी बांधून कसेबसे लिहिले, तर ते अक्षर पाहून नातू म्हणाला, "आजोबा, हे तुम्ही लिहिलंय?" त्या वाक्याने मला एक पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. ती शेवटी सांगतो. आधी ज्या माणसामुळे ती गोष्ट मला नीट समजली त्याच्याबद्दल लिहितो. कारण आजची नोंद खरे तर त्याच्याबद्दल आहे.

व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी होती. ती दर आठवड्याला माझ्या दंडावर बोटाने टकटक करत खाली यायची आणि विचारायची, "आजोबा, मुंग्या कुठे येतात?" पहिल्यांदा मोडलेल्या जागेजवळच यायच्या. काही आठवड्यांनी दोन बोटे खाली. तिने सांगितले की नस पुन्हा वाढते आहे, तिची कोवळी टोके जिथवर पोचली तिथे टिचकी मारली की झिणझिण्या येतात. वेग किती? दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

या टिचकीचाही एक इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात हातापायांच्या नसांना गोळ्या लागलेले सैनिक हजारोंनी इस्पितळात आले. 1915 साली जर्मनीत पाउल हॉफमन या डॉक्टरने ही खूण लिहून ठेवली आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये ज्यूल तिनेल यानेही. दोन्ही देश एकमेकांवर तोफा डागत होते आणि दोन्हीकडचे डॉक्टर जखमींच्या हातावर तीच टिचकी मारत होते. त्याच्याही आधी, 1850 साली, लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर याने बेडकाच्या जिभेची नस कापून पाहिले होते, की कापल्या जागेच्या पुढचा सगळा भाग हळूहळू विरून जातो. म्हणजे तुटलेली नस दोन टोके जोडून चिकटत नाही. पुढचा भाग मरतो, आणि मागच्या टोकातून नवा कोंब फुटून त्याच जुन्या वाटेने पुढे सरकत जातो. ती वाट जपून ठेवायचे काम श्वान नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी करतात. त्या नसेच्या तंतूला गुंडाळून बसलेल्या असतात. तंतू मेला तरी त्या मागे राहतात, पडझड साफ करतात आणि नव्या कोंबाला वाट दाखवतात. उसाच्या खोडव्यासारखेच हे काहीसे. वरचा ऊस गेला तरी बुडखा जिवंत असला की फुटवा येतो.

त्या मुलीनेच एकदा पट्टी बांधताना सांगितले, "आजोबा, हाताच्या नसांबद्दल आपल्या देशात जे काही कळलं ना, त्यातलं पुष्कळसं कुष्ठरोग्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांमुळे." आणि तिने डॉ. नोशीर अँटिया यांचे नाव घेतले. पुण्याच्या पुतण्याने त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र पाठवले. माझे इंग्रजी बेताचे, शेजारी शब्दकोश. पण हात गळ्यात अडकवलेल्या माणसाला वेळच वेळ असतो.

अँटिया पारशी. जन्म 8 फेब्रुवारी 1922, हुबळीचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1945 साली डॉक्टर झाले आणि पुढे इंग्लंडला जाऊन सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरी शिकले. गिलीज म्हणजे पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांना पुन्हा चेहरे देणारा माणूस.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण ते पुण्यातून जाते. इंग्लंडला नाक बसवण्याची विद्या शिकवली कुणी? 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये एका मराठी बैलवाल्याची हकीकत छापून आली. हा कावसजी इंग्रजी फौजेच्या नोकरीत होता, टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्यात एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले. ती हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने सराव केला आणि 1814 मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. म्हणजे विद्या पुण्याहून तिकडे गेली, आणि दीडशे वर्षांनी अँटिया ती वाढवून पुन्हा पुण्यात घेऊन आले.

पुण्यात ते काम करू लागले ते जहांगीरमध्ये, आणि त्याच काळात शहराबाहेरच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयातही. आज कोंढवा म्हटले की इमारतीच इमारती डोळ्यांपुढे येतात, पण त्या वेळी ते गावाबाहेर होते. कुष्ठरोग्यांची सगळीच ठिकाणे गावाबाहेर असत.

आमच्या पिढीला हा रोग 'महारोग' आणि 'रक्तपिती' या नावांनीच माहीत. लहानपणी पंढरपूरच्या वाटेवर, वाळवंटात, फडकी गुंडाळलेले हात पुढे करून बसलेली माणसे पाहिली आहेत. आई पैसा वरून टाकायला सांगे, हाताला हात लागू द्यायचा नाही. बोटे सडून गळून पडतात, पूर्वजन्मीचे पाप आहे, हे आम्ही सगळे ऐकत आलो. सरकारचेही मत फार निराळे नव्हते. 1898 चा कुष्ठरोग्यांचा कायदा भिकारी कुष्ठरोग्याला पकडून कोंडायची मुभा देत होता. तो पूर्णपणे रद्द व्हायला 2016 साल उजाडले. मराठीच्या विद्यार्थ्यांना एक नाव ओळखीचे असेल, अॅकवर्थ. शाळिग्रामांबरोबर 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाडे छापणारा हा इंग्रज अधिकारी. पोवाड्यांसाठी आम्ही त्याचे नाव पाठ केले होते. मुंबईत माटुंग्याला 1890 साली निघालेला कुष्ठरोग्यांचा आश्रम, आताचे वडाळ्याचे रुग्णालय, त्याच्याच नावाने चालते, हे मला म्हातारपणी कळले.

आपल्याकडे सेवेची परंपरा मोठी. दत्तपूरला मनोहरजी दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, आनंदवनात बाबा आमटे. या माणसांनी रोग्याला माणूस म्हणून जवळ केले. अँटिया त्याच रोग्याकडे आले ते शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर म्हणून. बसलेले नाक उचलायचे, गळालेल्या भुवया लावायच्या, वाकडी बोटे सरळ करायची. उघडी राहणारी पापणी मिटावी म्हणून चावायच्या स्नायूची पट्टी वळवून पापण्यांत गुंफायची. मग रोगी दात दाबतो आणि डोळा मिटतो! ही युक्ती गिलीजच्या हातची. अँटियांनी ती कुष्ठरोग्यांसाठी वापरली आणि सुधारली. कानाची पाळी दुरुस्त करायची त्यांची व बुच यांची 1967 ची पद्धत आजही जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

दक्षिणेत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड 1946 पासून असेच काम करत होते. ब्रँड यांनी लोकांना पटवून दिले, की कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळत नाहीत. नस मरते, बधिरता येते आणि मग माणूस नकळत स्वतःला इजा करत राहतो. चुलीतले लाकूड हाताने सरकवतो, तापलेले भांडे धरतो, पायात काटा घेऊन दिवसभर चालतो. दुखत नाही म्हणून थांबत नाही. आपल्याला दुखते म्हणून आपली बोटे शाबूत आहेत. वेदना नाहीशी होणे हेच त्या रोगाचे खरे दुखणे.

अँटिया हे जाणत होते. वाकडी बोटे सरळ करता येत होती. ज्या स्नायूची नस जिवंत आहे त्याची दोरी वळवून मेलेल्या स्नायूच्या कामाला लावायची, असे ते तंत्र. पण बोट सरळ झाले तरी त्यातली जाण परत येत नाही. मग मूळ प्रश्नाकडे जायला हवे, की नस मरते कशी? मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांनी टाटांच्या मदतीने प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोग्यांना त्यांनी तिथल्या साध्या वॉर्डात, इतर रोग्यांच्या शेजारच्या खाटेवर ठेवले. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. आणि तिथेच त्यांनी नसांचा अभ्यास मांडला. 1970 साली त्यांचे, एस. एस. पंड्या यांचे आणि मज्जाविकृतितज्ज्ञ दराब दस्तूर यांचे कुष्ठरोगातील हाताच्या नसांवरचे जोडनिबंध प्रसिद्ध झाले. रोग्याची तपासणी, नसेतून विजेचा प्रवाह सोडून घेतलेली मोजमापे, शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यांना दिसलेली नस आणि सूक्ष्मदर्शकाखालचा तिचा तुकडा, अशा चारी बाजूंनी एकाच नसेकडे पाहायचे. शस्त्रक्रिया करणारा हातच प्रश्न विचारू लागला, हे मला फार आवडले.

1975 साली त्यांनी मुंबईत वैद्यकीय संशोधनासाठी 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' ही संस्था काढली. हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरने कुष्ठरोगाचा जंतू 1873 मध्येच दाखवून दिला होता, पण हा जंतू महाआळशी. बारा-चौदा दिवसांत एकाचे दोन होतात आणि प्रयोगशाळेच्या बशीत तो मुळी वाढतच नाही. त्याला थंड जागा आवडते, म्हणून तो कातडीलगतच्या नसा धरतो. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे ठेच लागली की आपल्या हातात मुंग्या येतात, तिथली नस त्याची फार लाडकी. आणि तिथे तो बसतो कुठे? त्याच श्वान पेशींत, ज्यांनी वाट दाखवायची असते. वाटाड्याच्याच घरात चोर! मुंबईच्या या प्रयोगशाळेत 1980 च्या दशकात उंदराच्या मज्जातंतूंच्या पेशी वाढवून त्यांत हा जंतू काय करतो ते पाहिले गेले. कातडी साफ झालेल्या रोग्याच्याही नसेत जंतू चिकाटीने मागे राहतात, हेही तिथल्या कामातून दिसले. अँटिया आणि वनजा शेट्टी यांनी परिघीय नसांवर संपादित केलेला मोठा ग्रंथ 1997 मध्ये आला.

आणि मेलेल्या नसेत पुन्हा जीव आणता येईल का? यावर दक्षिणेत डी. डी. पलांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धाडसी प्रयत्न केला. रोग्याच्याच स्नायूचा तुकडा घ्यायचा, तो गोठवून पुन्हा वितळवायचा म्हणजे त्यातल्या पेशी मरतात, पण पोकळ नळ्यांचा सांगाडा उरतो. नसेचा खराब झालेला भाग काढून तिथे हा तुकडा बसवायचा. कोंब त्या नळ्यांतून पुढे जातात. 1991 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद आली, काही रोग्यांच्या बधिर तळपायांना पुन्हा जाण आली होती. पुढे 2013 मध्ये एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की हा जंतू श्वान पेशीला फितवून तिचे जवळजवळ मूळ पेशीत रूपांतर करतो. ज्या रोगाने नस मरते त्याच रोगाकडून नस वाढवायची युक्ती शिकता येईल का, असा आता शोध चालू आहे. यातले सगळेच मला समजले असे नाही. जाणकारांनी चूभूद्याघ्या.

पण अँटियांच्या आयुष्यातले मला सर्वांत मोठे वाटलेले वळण याच्या पलीकडचे आहे. त्यांच्या ध्यानात आले, की आपण कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी उशीरच झालेला असतो. नस दुखावली पण मेली नाही, अशा पहिल्या काही महिन्यांत सूज उतरवणारी औषधे दिली तर ती पुष्कळदा वाचते. मग जे. जे.पर्यंत वाकडी बोटे येण्याआधी, गावात, तो फिकट चट्टा कोण पाहणार? डॉक्टर तर गावात नसतो. म्हणून या माणसाने 1970 च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या परिसरात गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवायला सुरुवात केली. फारशा न शिकलेल्या या बायका क्षय आणि कुष्ठरोग ओळखू लागल्या, गोळ्या देऊ लागल्या. 1975 मध्येच त्यांनी लोकांच्या आरोग्यासाठी दुसरी संशोधन संस्था काढली. पुढे पुरंदर तालुक्यात परिंचे खोऱ्यातही त्याच संस्थेने गावातल्या 'ताई' तयार केल्या. इंग्लंडात गिलीजकडे शिकलेला सर्जन शेवटी या निष्कर्षाला आला, की नस वाचवायला आधी गावात राहणारे, रोज माणसे पाहणारे दोन डोळे लागतात. 1990 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2007 साली ते गेले.

हे पान वाचून मी पुस्तक मिटले. कारण गावात राहणारे, रोज मुले पाहणारे दोन डोळे माझेही होते.

आता ती गोष्ट.

1979 साल असावे. सीनाकाठच्या एका गावच्या शाळेत मी मराठी शिकवत होतो. आठवीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. पाचवीत त्याचे अक्षर इतके सुरेख होते की त्याची वही मी इतर वर्गांत दाखवत असे. आठवीत ते बिघडू लागले. काना तिरका, वेलांटी अर्धी, पेन्सिल बोटांतून निसटायची. मी समजावले, मग रागावलो. मला वाटले, पोरगा वाया चालला. त्याच्या मामाचे चहाचे हॉटेल होते, तिथे तो शाळा सुटल्यावर राबायचा. तापलेली किटली फडके न घेता उचलायचा, म्हणून पोरे त्याला 'पैलवान' म्हणत आणि त्याच्यावर पैजा लावत. मीसुद्धा ती गंमत एकदा उभा राहून पाहिली आहे. त्याच्या उजव्या कोपराजवळ फिकट चट्टा होता. त्याची आई म्हणायची, पोटात जंत झालेत.

एके दिवशी शुद्धलेखनाची वही पाहून माझा ताबा सुटला. मी त्याला हात पुढे करायला लावला आणि छड्या मारल्या. उजव्या तळव्यावर, करंगळीच्या बाजूला. तो हलला नाही. डोळ्यांत पाणी नाही, चेहऱ्यावर रेघ नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला तो उर्मटपणा वाटला. मी आणखी मारल्या. किती, ते मला आठवते, पण लिहवत नाही.

सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही.

पुढच्या वर्षी सरकारी कुष्ठरोग तपासनीस शाळेत आले. मुलांना ओळीने उभे करून पाठ, हात पाहिले. कापसाच्या पेळूने चट्ट्यावर स्पर्श करून 'लागते का' विचारले. जाताना शिक्षकांच्या खोलीत चहा घेत म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पाहण्यात कुणी असेल तर सांगा. चट्टा, बधिर हात, करंगळी वाकलेली." मला तो मुलगा आठवला. लख्ख आठवला. त्याची करंगळी छडी घेताना सरळ होत नव्हती, हेही त्या क्षणी आठवले. पण मी बोललो नाही. तो आता शाळेत नाही, आपण नाव घेतले तर गावात बभ्रा होईल, त्याच्या बहिणीचे लग्न ठरत होते, हॉटेलात कुणी चहा प्यायला जाणार नाही, अशी कारणे मनात पटापट जमली. सगळी खरी होती. तरी मी गप्प बसायला नको होते. छडीची चूक अज्ञानाची म्हणता येईल. ही दुसरी तशी म्हणता येणार नाही.

तो मला पुन्हा भेटला ते पंधरा-सोळा वर्षांनी, मोहोळच्या आठवडी बाजारात. लसूण-मिरच्या घेऊन बसला होता. त्यानेच हाक मारली, "सर!" तराजू डाव्या हातात होता. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट तळव्यात वळलेले, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल बसलेला. त्याने हात लपवला नाही. म्हणाला, गोळ्यांचा कोर्स पुरा केला, रोग गेला, बोटे तेवढी राहिली. "आपरेशन करत्यात म्हणं, पण धंदा कोण बघणार?" मी काही तरी पुटपुटलो, त्या छड्यांबद्दल. तर तो हसला आणि म्हणाला, "त्याचं काय एवढं, सर? लागल्याच न्हवत्या."

त्याने ते मला बरे वाटावे म्हणून म्हटले. मी पाव किलो लसूण घेतला. त्याने पैसे घ्यायला नको म्हटले, मी बळेच दिले आणि घरी आलो. त्यानंतर तो बाजारात दिसला नाही.

तो हात मी तेव्हा पाहिला, पण मला तो समजला नाही. समजला तो गेल्या वर्षी, माझा स्वतःचा पंजा लोंबकळत असताना, अँटियांच्या कामाबद्दल वाचताना. कोपराजवळची नस गेली की करंगळी बधिर होते, बोटांमधले बारीक स्नायू वाळतात, चिमटीतला जोर जातो. म्हणजे पेन्सिल निसटते. म्हणजे वेलांटी अर्धी राहते. त्या मुलाचा रोग सगळ्यात आधी त्याच्या वहीत उमटला होता, आणि ती वही गावात एकच माणूस रोज तपासत होता. मी ती लाल शाईने तपासली.

माझी नस परत आली. संक्रांतीला नातवाच्या हातावर तिळगूळ ठेवताना मनगट आपसूक वर उचलले गेले, आधी त्याच्याच लक्षात आले. पाच महिने, दिवसाला एक मिलिमीटर. अक्षर अजून पहिल्यासारखे नाही, पण ओळखू येते. मला वेळेवर डॉक्टर मिळाले, पट्टी मिळाली, टिचकी मारून वाट पाहणारी मुलगी मिळाली. त्यालाही मिळाले असते. 1979 मध्ये आजच्याइतकी चांगली औषधे नव्हती, एकत्रित गोळ्यांचा उपचार 1982 नंतर आला. पण डॅप्सोनची गोळी होती, आणि 'हात भाजतो आहे, फडके घे' एवढे सांगायला तर कुठलीच गोळी लागत नव्हती.

माझे काही विद्यार्थी आज शिक्षक आहेत, आणि ते हे वाचतात. त्यांच्यासाठी चार ओळी. 2005 च्या अखेरीस आपल्या देशात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले असे जाहीर झाले. प्रमाण खाली आले, रोग संपलेला नाही. नवे रोगी सापडतात, त्यांत मुलेही असतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे कापूस लावलेला कळत नाही, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, भाजल्याच्या खुणा आणि 'दुखत नाही' असे उत्तर, यांतले काही दिसले तर पोराला घेऊन दवाखान्यात जा. बभ्रा न करता जा, पण जा.

आणि चांगले अक्षर अचानक बिघडले, तर वही बाजूला ठेवून आधी हात बघा.

असो. पुष्कळ लिहिले. मनगट दुखू लागले आहे, आणि दुखते आहे याचे बरे वाटते.